गोष्ट संपल्यावर ते मूल कोठे जाते?
रस्त्यावरच्या मुलांविषयीच्या बालकथांची ओळख

रेल्वे स्थानकाच्या पुलावर, सिग्नलपाशी, चर्चच्या किंवा देवळाच्या फाटकाबाहेर आपल्या मुलांच्याच वयाची मुले आपणांस दररोज दिसतात. आपल्याबरोबर चाललेले आपले मूलही त्यांना पाहत असते. कधी तरी ते विचारते, ‘हा रात्री कोठे झोपतो?’ आपल्याजवळ उत्तर नसते. म्हणून आपण त्याचा हात धरून पुढे चालू लागतो. हाच प्रश्न बालसाहित्याने मात्र पावणेदोनशेहून अधिक वर्षे टाळलेला नाही. लंडन, कोपनहेगन, न्यूयॉर्क, मुंबई, चेन्नई अशा शहरांच्या रस्त्यांवर वाढणाऱ्या मुलांच्या कथा जगभर लिहिल्या गेल्या आणि घरात सुरक्षित असलेल्या मुलांनी त्या वाचल्या.

अशा कथा आपल्या मुलांच्या हाती द्याव्यात का, आणि दिल्यास कोणत्या, असा प्रश्न पालकांना व धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांना पडणे स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात काही नामवंत पुस्तकांची ओळख करून देताना आम्ही एक साधी कसोटी सुचवू इच्छितो. गोष्ट संपते तेव्हा ते मूल कोठे पोहोचलेले असते आणि त्याला तेथे कोणी पोहोचविलेले असते? लेखकाच्या मनात त्या मुलाविषयी खरोखर काय आहे, हे ह्या एका प्रश्नाच्या उत्तरातून कळून येते. आणि आपल्या मुलाच्या मनात काय रुजणार, हेही त्यावरूनच ठरते.

पहिला शेवट : मूल स्वर्गात जाते

डॅनिश लेखक हान्स ख्रिस्तियन अँडरसन ह्यांची आगपेट्या विकणाऱ्या मुलीची कथा १८४५ साली प्रसिद्ध झाली. ती आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेली असेल. वर्षाची शेवटची रात्र असते, बर्फ पडत असतो आणि एक अनवाणी मुलगी रस्त्यावर काड्या विकत फिरत असते. दिवसभरात एकही काडी विकली गेलेली नाही. घरी गेल्यास बाप मारील, ह्या भीतीने ती एका भिंतीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसते. ऊब मिळावी म्हणून ती एकेक काडी ओढते. त्या क्षणभराच्या उजेडात तिला शेगडी दिसते, भरलेले ताट दिसते, नाताळचे झाड दिसते आणि शेवटी तिची मृत आजी दिसते. आजी तिला देवाघरी घेऊन जाते. सकाळी लोकांना तिचा गारठलेला देह सापडतो.

अँडरसन ह्यांना दारिद्र्य पुस्तकातून कळलेले नव्हते. त्यांचे वडील चांभारकाम करीत, आई लोकांचे कपडे धूत असे आणि त्या आईला बालपणी भीक मागावी लागली होती. म्हणूनच ही कथा इतकी खरी उतरली आहे. तरीही ती मुलांना वाचून दाखविताना एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. मुलगी स्वर्गात सुखी झाली, ह्या समाधानात आपण रडतो आणि पुस्तक मिटतो. पण त्या रात्री तिच्याजवळून जाणारे पाय कोणाचे होते? अँडरसन ह्यांनी त्या पायांचा निवाडा केला नाही, परंतु त्यांना लपविलेही नाही. स्वर्गावरील आपली श्रद्धा ही रस्त्यावरील आपल्या जबाबदारीतून सुटण्याची वाट होऊ नये, हे मुलांना समजावून सांगणारा कोणी शेजारी असेल, तर ही कथा आजही मोलाची आहे.

दुसरा शेवट : मूल श्रीमंताच्या घरी जाते

चार्ल्स डिकन्स ह्यांची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही कादंबरी १८३७ ते १८३९ ह्या काळात मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. ती मुलांसाठी लिहिलेली नव्हती. परंतु तिच्या संक्षिप्त आवृत्त्या जगभरच्या मुलांनी वाचल्या. अनाथ ऑलिव्हर कामावरून पळून लंडनला येतो आणि खिसेकापू मुलांच्या टोळीत सापडतो. १८३४ साली इंग्लंडमध्ये गरिबांविषयीचा जो कठोर कायदा झाला, त्यावर डिकन्स ह्यांचा रोख होता. स्वतः डिकन्स बारा वर्षांचे असताना त्यांचे वडील कर्जापायी तुरुंगात गेले होते आणि त्यांना बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर कागद चिकटविण्याचे काम करावे लागले होते.

ह्या कादंबरीचा शेवट बारकाईने पाहण्यासारखा आहे. ऑलिव्हर हा चांगल्या घराण्यातील मुलगा असल्याचे उघड होते आणि ब्राऊनलो नावाचे सद्गृहस्थ त्याला आपला मुलगा मानतात. मग त्याच टोळीतील जॅक डॉकिन्स ह्या चलाख मुलाचे काय होते? तंबाखूची एक डबी चोरल्याच्या आरोपावरून त्याला समुद्रापार काळ्या पाण्याची शिक्षा होते. दोघेही मुलेच, दोघेही रस्त्यावरचे. एकाची सुटका होते, कारण त्याचे रक्त प्रतिष्ठित घराण्याचे निघते. डिकन्स ह्यांची करुणा मोठी होती, परंतु त्यांच्या कथेच्या रचनेने एक प्रश्न मागे ठेवला : ज्याच्यामागे कोणतेही घराणे नाही, त्या मुलाला कोण वाचविणार?

अमेरिकन लेखक होरेशियो अल्जर ह्यांनी त्याचे उत्तर ‘कष्ट आणि नशीब’ असे दिले. १८६८ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘रॅग्ड डिक’ ह्या त्यांच्या कादंबरीचा नायक न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बुटांना पॉलिश करणारा चौदा वर्षांचा मुलगा आहे. तो प्रामाणिक व विनोदी आहे. मित्राकडून लिहायला-वाचायला शिकतो आणि पैसे साठवितो. शेवटी बोटीतून पाण्यात पडलेल्या एका श्रीमंताच्या मुलाला तो वाचवितो आणि त्याला कचेरीत नोकरी मिळते. डिकची मेहनत आणि मित्राबरोबरची त्याची शिकवणी वाचनीय आहे. पण त्याच्यासारखी मेहनत करणाऱ्या हजारो मुलांच्या समोर कोणा श्रीमंताचे मूल पाण्यात पडत नाही.

ह्या लेखकाविषयीची एक दुःखद वस्तुस्थिती सांगणे आम्हांला आवश्यक वाटते. अल्जर पूर्वी मॅसॅच्युसेट्समध्ये धर्मोपदेशक होते आणि १८६६ साली मुलांवरील लैंगिक अत्याचाराचा आरोप झाल्यावर, तो न नाकारता, त्यांनी ते गाव सोडले. निराधार मुलाने उपकारकर्त्या मोठ्या माणसावर डोळे मिटून भरवसा ठेवावा, असे सुचविणारी कोणतीही कथा आज जपूनच वाचावी लागते, ती अशा कारणांसाठी. मदत करणारा हात आवश्यक आहेच. परंतु त्या हातावर समाजाची नजर असणेही तितकेच आवश्यक आहे.

कॉफीच्या गाड्यावरील मुलगी

त्याच काळात लंडनमध्ये एका लेखिकेने ह्या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला. हेस्बा स्ट्रेटन हे सारा स्मिथ (१८३२-१९११) ह्यांचे टोपणनाव. त्यांची ‘जेसिकाज फर्स्ट प्रेअर’ ही छोटी कादंबरी १८६६ साली नियतकालिकातून व त्यानंतर पुस्तकरूपाने आली आणि तिच्या लाखो प्रती खपल्या. प्रॉटेस्टंट धर्मप्रसारक संस्थेने प्रसिद्ध केलेली ही कथा आपणां कॅथलिक वाचकांनाही अंतर्मुख करणारी आहे.

रेल्वेच्या पुलाखाली डॅनिएल नावाचा माणूस कॉफीचा गाडा चालवितो. फाटक्या कपड्यांतील जेसिका त्या वासाने तेथे घुटमळत असते. एकदा डॅनिएलच्या हातून एक पेनी खाली पडते. जेसिका तिच्यावर आपला अनवाणी पाय ठेवते आणि मग, मोह आवरून, ती पेनी उचलून त्याला परत देते. डॅनिएल तिला आठवड्यातून एकदा कॉफी द्यायला तयार होतो. अधिक वेळा यायचे नाही, अशी अट घालतो. पुढे जेसिकाला कळते, की हाच डॅनिएल प्रतिष्ठितांच्या एका प्रार्थनामंदिराचा राखणदार आहे. तेथे तो झुळझुळीत वस्त्रे घातलेल्यांना अदबीने आसने दाखवितो आणि जेसिका दारात दिसताच तिला हुसकावतो. पाळकांच्या दोन लहान मुली तिला पाहतात. तिला आत घ्यावे असे त्यांना वाटते, पण एवढ्या फाटक्या मुलीला बसवायचे कोठे, असा पेच त्यांना पडतो.

ह्या कथेत हृदयपरिवर्तन होते ते रस्त्यावरच्या मुलीचे नव्हे, तर राखणदाराचे. आईने टाकून दिलेली जेसिका आजारी पडते, तेव्हा डॅनिएल तिला शोधून काढतो आणि आपल्या घरी आणतो. येथे ना घराणे कामी येते, ना नशीब. जो माणूस रोज दार उघडतो व बंद करतो, तोच बदलतो. लेखिका कथेपाशी थांबल्या नाहीत, ही गोष्ट अधिक महत्त्वाची. १८८४ साली लंडनमध्ये बालछळ प्रतिबंधक संस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांमध्ये त्या होत्या.

कथा आणि कृती ह्यांचा असाच संबंध संत जॉन बॉस्को ह्यांच्या जीवनात दिसतो. इटलीतील कार्मान्योला स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना त्यांना उनाड मुलांचा एक घोळका खेळताना दिसला. ते जवळ जाताच बाकीची मुले पळाली. तेरा वर्षांचा म्होरक्या मायकल मगोने तेवढा जागचा हलला नाही. तो पुढे तुरिन येथील त्यांच्या वसतिगृहात आला आणि १८५९ साली, अगदी कोवळ्या वयात, मरण पावला. डॉन बॉस्को ह्यांनी १८६१ साली त्याचे चरित्र लिहिले, तेही मुलांनी वाचावे म्हणून. ते कल्पित नाही. परंतु रस्त्यावरचा मुलगाही पुस्तकाचा नायक होऊ शकतो, हा त्यामागील विश्वास तोच आहे. त्यांच्या अनुयायांनी १९८७ साली मुंबईत वडाळा येथे रस्त्यावरील मुलांसाठी ‘शेल्टर’ सुरू केले. त्याआधी, १९६२ साली, जेज्वीट धर्मगुरूंच्या पुढाकाराने मुंबईत ‘स्नेहसदन’ सुरू झाले होते.

तिसरा शेवट : मूल स्वतःच्या पायांवर चालू लागते

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या कथांचे स्वरूप पालटले. मूल हे केवळ दयेचा विषय न राहता विचार करणारे व निर्णय घेणारे माणूस म्हणून उभे राहू लागले. आपल्या परिसराशी थेट नाते असलेले ह्याचे उत्तम उदाहरण म्हणजे अनिता देसाई ह्यांची १९८२ साली प्रसिद्ध झालेली ‘द व्हिलेज बाय द सी’ ही इंग्रजी कादंबरी. तिला १९८३ साली ब्रिटनमधील ‘गार्डियन’ वृत्तपत्राचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

कथा घडते अलिबागजवळील थळ ह्या गावी. वडील दारूच्या आहारी गेलेले, आई आजारी, आणि गावात खताचा कारखाना येणार अशी चर्चा. त्याविरुद्ध निघालेल्या मोर्चाबरोबर बारा वर्षांचा हरी बोटीने मुंबईला येतो आणि तेथेच राहतो. एका खानावळीत तो भट्टीजवळ राबतो. उकाडा असह्य झाला म्हणजे बागेत जाऊन झोपतो. शेजारचे वृद्ध घड्याळजी पानवाला त्याला घड्याळदुरुस्ती शिकवितात. दिवाळीला हरी हातात कसब आणि गाठीला थोडे पैसे घेऊन गावी परततो. दरम्यान त्याच्या बहिणीने, लीलाने, घर सावरून धरलेले असते. येथे हरीला कोणी दत्तक घेत नाही. खानावळीचा मालक त्याला आसरा देतो, घड्याळजी विद्या देतो, आणि वाट हरी स्वतः शोधतो. दर्याकाठी राहणाऱ्या, दारूने विस्कटलेली घरे जवळून पाहिलेल्या आपल्या वाचकांना हे पुस्तक परके वाटणार नाही.

अँडी मुलिगन ह्यांची २०१० सालची ‘ट्रॅश’ ही कादंबरी थोड्या मोठ्या मुलांसाठी आहे. लेखकाने फिलिपाईन्समधील मनिला येथे शिक्षक म्हणून काम केले होते. कचऱ्याच्या डोंगरावर राहणाऱ्या राफाएल, गार्डो व रॅट ह्या तीन मुलांना एक पिशवी सापडते आणि तिच्यातून एका बड्या राजकारण्याच्या भ्रष्टाचाराचा माग लागतो. तेथे एक मिशन शाळा आहे, एक वृद्ध फादर आहेत, आणि मृतांच्या स्मरणदिनी दिव्यांनी उजळलेली दफनभूमीही आहे. पोलिसांनी मुलाला केलेल्या मारहाणीचे वर्णन त्यात असल्यामुळे ब्रिटनमधील एका बालसाहित्य पुरस्काराच्या अंतिम यादीतून ही कादंबरी वगळण्यात आली आणि त्यावर बराच वाद झाला. आमच्या मते नवव्या-दहाव्या इयत्तेपुढील मुलांनी ती वाचावी. पालकांनी मात्र आधी वाचून घ्यावी. ही मुले खोटे बोलतात, प्रसंगी फादरांच्या तिजोरीतील पैसेही नेतात. अशा वेळी पुस्तक बाजूला सारण्याऐवजी उपाशी मुलाचे खोटे आणि पोट भरलेल्या मंत्र्याचे खोटे ह्यांत फरक कोणता, ह्यावर मुलांशी बोलणे अधिक हिताचे.

एकमेकांचा आधार पुरेसा असतो का?

मुलांच्या हिमतीच्या कथा वाचताना एक नवा धोका संभवतो. रस्ता म्हणजे साहस, मित्र म्हणजे कुटुंब, आणि मोठ्या माणसांची गरजच नाही, असा समज होऊ शकतो. ह्या समजाला प्रामाणिक उत्तर देणारे पुस्तक म्हणजे पद्मा वेंकटरामन ह्यांची २०१९ सालची ‘द ब्रिज होम’ ही कादंबरी.

बापाच्या मारहाणीला कंटाळून विजी ही अकरा वर्षांची मुलगी आपली बहीण रुक्कू हिला घेऊन चेन्नईला पळून येते. रुक्कूच्या बुद्धीची वाढ मंद आहे, पण तिच्या हातांत कला आहे आणि मनात अपार माया. एका पडक्या पुलावर त्यांना अरुल व मुथू हे दोन मुलगे भेटतात. अरुल ख्रिस्ती आहे. त्सुनामीत त्याने आपले कुटुंब गमावले आहे. चौघे कचरा वेचतात, मिळेल ते वाटून खातात, हसतात, भांडतात. हे कुटुंब वाचकाला हवेहवेसे वाटू लागते, आणि नेमके तेव्हाच आजारपण येते. मोठ्या माणसांवरचा विश्वास उडालेला असल्यामुळे मुले मदत मागायला कचरतात. मदत मागितली जाते तेव्हा रुक्कूसाठी फार उशीर झालेला असतो. संपूर्ण कादंबरी म्हणजे विजीने आपल्या गेलेल्या बहिणीशी साधलेला संवाद आहे. सेलिना आंटींच्या निवाऱ्यात तिला आधार मिळतो आणि अपराधाचे ओझे हळूहळू उतरू लागते.

हे पुस्तक मुलांना सांगते, की मैत्री जीव लावते पण औषध आणून देऊ शकत नाही. आणि मोठ्यांना सांगते, की नुसते दार उघडे ठेवून भागत नाही. त्या दारातून आत जावे, असा भरवसा मुलाला वाटला पाहिजे. तो भरवसा एका दिवसात निर्माण होत नाही. म्हणूनच स्थानकांवर काम करणारे कार्यकर्ते मुलाला लगेच संस्थेत नेण्याची घाई न करता आधी त्याच्याशी ओळख वाढवितात, त्याचे नाव लक्षात ठेवतात, पुन्हा पुन्हा भेटतात.

कथांमधून निसटलेली मुले

वर उल्लेखिलेल्या बहुतेक कथांतील मूल एकटे आहे. अनाथ किंवा घरातून पळालेले मूल हा कथेला सोयीचा नायक असतो. आईबाप समोर नसले म्हणजे त्याच्या साहसाला मोकळे रान मिळते. प्रत्यक्षात चित्र निराळे आहे. टाटा समाजविज्ञान संस्था आणि ‘ॲक्शनएड’ ह्यांनी केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबईत सुमारे ३७ हजार मुले रस्त्यावर असल्याचे आढळले. त्यांतील बहुसंख्य मुले आपल्या कुटुंबांसह फुटपाथवर किंवा पुलाखाली राहत होती. त्यांना आई आहे, बाप आहे. नाही ते घर. त्यांना आईबापांपासून सोडविणे हा उपाय नव्हे. आईबापांसह त्यांना छप्पर मिळणे हा उपाय आहे.

अशा मुलांविषयीची पुस्तके थोडी आहेत. त्यांपैकी ईव्ह बंटिंग ह्यांचे ‘फ्लाय अवे होम’ हे १९९१ सालचे चित्रमय पुस्तक लहान मुलांनाही वाचून दाखविण्याजोगे आहे. एक मुलगा आपल्या वडिलांसह विमानतळावर राहतो. वडील काम करतात, पण भाडे परवडत नाही. कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून दोघे नेहमी नीटनेटके राहतात आणि जागा बदलत राहतात. शेवटी त्यांना घर मिळत नाही. परंतु विमानतळाच्या इमारतीत अडकलेला एक पक्षी एकदा दार उघडताच बाहेर पडला होता, ह्या आठवणीवर तो मुलगा आशा धरून आहे. खोटा सुखान्त न देताही मुलाला आशा देता येते, ह्याचे हे सुंदर उदाहरण होय.

वाचायचे कसे?

वाचकहो, ह्या पुस्तकांची निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही सुचवितो. पहिली, रस्त्यावरच्या मुलाला स्वतःचे नाव, आवडनिवड, विनोद आणि मत आहे का, की ते केवळ डोळ्यांत पाणी आणण्यासाठी उभे केले आहे? दुसरी, त्याच्या अवस्थेचे कारण कथेत दिसते का? दारू, कर्ज, विस्थापन, घरातील मारहाण ह्यांचा उल्लेखच नसेल, तर मुलाला वाटेल की गरिबी पावसासारखी आपोआप पडते. आणि तिसरी, मदत करणारा माणूस त्या मुलाला विचारतो का, की परस्पर त्याच्या आयुष्याचा निर्णय घेतो?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालहक्क समितीने २०१७ साली रस्त्यावरच्या परिस्थितीत जगणाऱ्या मुलांविषयी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्याचाही भर ह्यावरच आहे, की अशा मुलांचे म्हणणे ऐकून घेतले जावे आणि त्यांना हक्कधारी व्यक्ती मानले जावे. बालकथा हे काम कायद्याच्या किती तरी आधीपासून, आपल्या परीने, करीत आल्या आहेत.

वाचन संपल्यावर मुलाला उपदेश करण्याची घाई करू नये. ‘ह्या मुलाच्या जागी तू असतास तर कोणाकडे गेला असतास?’ एवढेच विचारावे आणि उत्तर ऐकावे. त्या उत्तरात आपले घर, आपली शाळा, आपले चर्च येते का, हे आपल्यालाही कळेल. त्याचबरोबर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक त्याला पाठ करून घ्यावा. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही दूरध्वनी सेवा २०२३ पासून शासकीय यंत्रणेमार्फत चालविली जाते. संकटात सापडलेले मूल स्वतः किंवा त्याला पाहणारे कोणीही तेथे फोन करू शकते.

नाताळला, प्रथम कम्युनियनला किंवा वाढदिवसाला मुलांना देण्यासाठी आपण पुस्तके शोधतो, तेव्हा त्यांत असे एखादे पुस्तक असावे. ते वाचलेले मूल उद्या आपला हात धरून पुलावरून जाईल तेव्हा कदाचित थांबेल आणि तेथे बसलेल्या मुलाला त्याचे नाव विचारील. त्या वेळी आपण त्याचा हात ओढू नये.